फाइलीच्या नावावर जाऊ नका

अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये पुष्कळदा एक प्रश्न असतो: सगळ्या फाइली तपासायच्या, की ठरावीक प्रकारच्याच? संगणक मंद होतो म्हणून अनेक जण ठरावीक प्रकार निवडतात. एके काळी ते रास्तही होतं. डॉसच्या जमान्यात व्हायरसचा मुक्काम मुख्यतः फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, नाहीतर ईएक्सई आणि कॉम या प्रोग्रॅम फाइलींमध्ये असे. पत्रं, अहवाल निर्धोक मानले जात.

१९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ व्हायरसनं हा समज मोडला. तो वर्डच्या फाइलीतल्या मॅक्रोमध्ये, म्हणजे फाइलीच्या आत बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, होता. मग तपासायच्या प्रकारांच्या यादीत वर्डचं डॉक आलं. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ जगभर पसरला. त्याच्या फाइलीच्या नावात आधी टीएक्सटी होतं आणि अगदी शेवटी व्हीबीएस. ओळखीचं एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकाराची अक्षरं, विंडोज लपवत असे, त्यामुळे पाहणाऱ्याला दिसे ती साधी मजकुराची फाइल. उघडली की स्क्रिप्ट चालू! डिसेंबर २००५ मध्ये डब्ल्यूएमएफ चित्रांतून हल्ले झाले. अशा चित्राला जेपीजी नाव दिलं, तरी विंडोजचा चित्रदर्शक आतली खूण ओळखून ते डब्ल्यूएमएफ म्हणूनच उघडत असे. ज्यांच्या यादीत जेपीजी नव्हतं, त्यांचा पहारा तिथेच फसला.

यादी नेहमी कालच्या हल्ल्यावरून बनते, हे यातलं खरं दुखणं आहे. शिवाय एक्स्टेंशन कुणालाही बदलता येतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! फाइलीची जात पुष्कळदा तिच्या आतल्या मजकुराच्या सुरुवातीच्या अक्षरांतून कळते. विंडोजचा प्रोग्रॅम ‘एमझेड’ने सुरू होतो, झिप ‘पीके’ने. डॉक्सएक्स फाइलही ‘पीके’नेच सुरू होते, कारण ती मुळात झिपच असते. तेव्हा तपासणी आतल्या मजकुरावरून व्हायला हवी.

आता व्यवहाराचं बोलू. फाइल उघडताना होणारी तपासणी सर्व प्रकारांसाठी चालू ठेवा. झिपच्या आतली तपासणी वेळखाऊ असते, ती पूर्ण स्कॅनसाठी राखली तरी चालेल, कारण आतली फाइल बाहेर काढताना तपासली जातेच. पासवर्ड लावलेली झिप मात्र अँटिव्हायरसला सहसा उघडता येत नाही. अनोळखी माणसानं झिप आणि पासवर्ड एकाच मेलमध्ये पाठवले, तर ती उघडूच नका. एखादं सॉफ्टवेअर फारच रखडत असेल, तर त्याच्या तेवढ्याच फोल्डरला तपासणीतून सूट द्या. अख्ख्या एक्स्टेंशनला किंवा डाउनलोड्स फोल्डरला कधीही नको.

मोबाइलवरही हाच नियम. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल पाठवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. पत्रिका उघडायला ॲप बसवावं लागत नाही.

श्रोतेहो, घरी गेल्यावर एवढं करा: अँटिव्हायरसमध्ये कशाकशाला सूट दिली आहे ती यादी उघडा आणि ज्या नोंदीचं कारण सांगता येणार नाही, ती काढून टाका.