वाहिलेलं फूल काय सांगतं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वस्तीतली तरणी पोरं आम्हाला रोखठोक विचारतात, "आपण देव मानत नाही, मग बुद्धमूर्तीपुढं फुलं कशाला? अंबाबाईला हार, इथंही हार. फरक काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर दिलंच पाहिजे.

बुद्ध हे मोक्षदाता नव्हेत, मार्गदाता आहेत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. म्हणून विहारात फूल वाहून आपण काही मागत नाही. पुष्पपूजेची गाथा म्हणताना आपण एवढंच कबूल करतो, की हे फूल कोमेजणार तसं हे शरीरही जाणार. फूल म्हणजे नवस नव्हे, अनित्यतेचा धडा आहे.

धम्मपदातला चौथा वग्ग फुलांच्याच नावाचा आहे, पुप्फवग्ग. त्यात १६ गाथा आहेत. दिसायला सुंदर पण बिनवासाचं फूल म्हणजे नुसतं गोड बोलणं, आचरण नाही. आपली अबोली डोळ्यांपुढं आणा. चंदन, तगर, मल्लिका यांचा सुगंध वाऱ्याच्या उलट जात नाही. शीलवान माणसाचा जातो. आणि कमळ? ते रस्त्याकडेच्या उकिरड्यातही उमलतं, असं तिथं म्हटलंय. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

आता वाळलेल्या फुलाचं. थेरगाथेत सुनीत स्थविर आहेत. हलक्या मानलेल्या कुळात जन्म, घरात दारिद्र्य, आणि काम काय, तर कोमेजलेली फुलं झाडून टाकायचं. लोक त्यांना तुच्छ लेखत. अशा माणसाला तथागतांनी संघात घेतलं. आमच्या मते फुलाचा सर्वांत मोठा अर्थ इथं आहे. फूल वाहणारा श्रेष्ठ आणि निर्माल्य उचलणारा नीच, हा हिशेब धम्मात बसत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. हारांची चढाओढ नको. त्या पैशात पोरांना वह्या-पेनं येतील. सुकलेली फुलं पंचगंगेत नकोत. आवारात खड्डा काढून खत करू. आणि ती गोळा करायचं काम नेहमी त्याच दोन बायांवर नको. आम्ही सूतगिरणीतली माणसं, पाळी म्हणजे काय ते जाणतो. इथंही घरटी पाळी लावू. पहिली पाळी आमची.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जय भीम!