पाहिलं, पण काय पाहिलं?

(अंबाजोगाई येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी सिनेमा आणि टीव्हीवरच्या मालिका यांविषयी बोलणार आहे. सिनेमा पाहू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. खुशाल पाहा. पाहून झाल्यावर आपण काय बोलतो, एवढाच आजचा विषय आहे.

पूर्वी सिनेमा जत्रेत यायचा. तंबू लागायचा, कर्णा वाजायचा, आणि लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आता सिनेमा खिशात आला. दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवसभर कोयता चालवून दमलेला माणूस रात्री कोपीत मोबाइलवर सिनेमा पाहतो. गावी राहिलेली आजी संध्याकाळी टीव्हीपुढे बसते. पाहून झालं की जो तो एखादा शब्द टाकतो. कोणी म्हणतो, "लई भारी!" कोणी म्हणतो, "काहीच दम न्हाई." कोणी म्हणतं, "असंच पाह्यजे होतं तिला!"

शब्द टाकला की आपण विसरतो. पण घरातली पोरं तो ऐकतात. सून ऐकते. त्या शब्दाला वजन असतं.

लोकांच्या बोलण्याचं वजन

किती वजन असतं, ते सांगतो. आपल्या देशातला पहिला मोठा कथाचित्रपट दादासाहेब फाळके यांनी काढला. त्याचं नाव 'राजा हरिश्चंद्र'. तो 1913 साली मुंबईत लागला. हे फाळके आपले नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे. सगळी जुळवाजुळव झाली, पण तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना. पैसे देतो म्हटलं, तरी कोणी येईना. का? तर लोक काय म्हणतील! शेवटी खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसले आणि तारामती झाले.

त्याच वर्षी फाळक्यांनी पुढचा चित्रपट काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी धीर करून कामं केली. पुढे 1932 साली पहिला मराठी बोलपट आला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातली, कॉलेजात शिकलेली बाई पडद्यावर आली. एकोणीस वर्षांत लोकांचं मत हळूहळू बदललं, म्हणून हे घडलं.

म्हणजे पाहा, लोकांचं मत दार बंदही करतं आणि उघडतंही. मग असं मत देताना आपण थोडा विचार करायला नको का?

विचार कसा करायचा? मी तीन शब्द सांगतो. ते तुम्हाला लिहिताही येतात. आवडलं, खरं, आणि चांगलं. आपण या तिन्हींची गल्लत करतो.

पहिला शब्द : आवडलं

आवड ज्याची त्याची. एकाला तिखट आवडतं, दुसऱ्याला गोड. त्यात भांडण कसलं? दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' 1971 साली आला. शिकलेल्यांपैकी पुष्कळांनी नाकं मुरडली. पण खेड्यातले आणि गिरणीतले लोक पोट धरून हसले. त्यांच्या चित्रपटांमागून चित्रपट पंचवीस पंचवीस आठवडे चालले. 1988 साली आलेला 'अशी ही बनवाबनवी' लोक अजून पाहतात आणि अजून हसतात. दिवसभर राबलेल्या माणसानं घटकाभर हसावं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. "मला आवडलं," असं खुशाल म्हणा. त्याला कारण द्यावं लागत नाही.

मात्र मला आवडलं म्हणून ते खरं ठरत नाही. इथून दुसरा शब्द लागतो.

दुसरा शब्द : खरं

1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीनं 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. लोकांना ते इतके भावले, की भाविक त्यांच्या पाया पडत. 1975 साली 'जय संतोषी माँ' हा हिंदी चित्रपट आला. बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर पैसे उधळत. 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कोणी टीव्हीला हार घालत, कोणी उदबत्ती लावत.

ही भक्ती आहे. तिला मी नावं ठेवत नाही. पण राम वेगळा आणि रामाचं सोंग घेणारा नट वेगळा, हे ध्यानात असावं. आपल्या गावात सोंगं निघतात, तेव्हा आपण हे बरोबर ओळखतो. पडद्यापुढे बसलो की मात्र विसरतो.

विसरलं तर काय होतं? अगदी अलीकडची गोष्ट आहे. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' हा संभाजीमहाराजांवरचा हिंदी चित्रपट आला. त्यात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली आहे. 1681 साली मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं, हा इतिहास खराच आहे. आपल्या जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुऱ्हाणपूर येतं. त्याच्याजवळ असीरगडचा किल्ला आहे. मार्च महिन्यात तिथं वार्ता उठली, की शेतात मोगलांची सोन्याची नाणी सापडतात. सिनेमानं त्या वार्तेला जोर आला. झालं! माणसं रात्री मोबाइलचे दिवे लावून, कुदळी घेऊन शेतात शिरली. दुसऱ्याच्या रानात खड्डेच खड्डे झाले. शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं.

ज्याचं रान उकरलं, त्या शेतकऱ्यानं कोणाकडे दाद मागायची?

खऱ्याला पुरावा लागतो. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत पासोडीवर ग्रंथ लिहीत, असं आपण सांगतो. पण ते नुसतं सांगणं नाही. ती लांबलचक पासोडी आपल्या गावात जपून ठेवलेली आहे. कापड आहे, त्यावर अक्षरं आहेत. याला पुरावा म्हणतात. सिनेमावाला गोष्ट रंगवण्यासाठी चार गोष्टी पदरच्या घालतो. तसं तो सांगतोही. चित्रपटाच्या आरंभी बारीक अक्षरांत एक मजकूर येतो. ही कथा काल्पनिक आहे, किंवा कथेसाठी काही बदल केले आहेत, असा त्याचा अर्थ असतो. आजवर ती अक्षरं तुमच्यापुढून नुसती सरकून जात होती. आता तुम्हाला वाचता येतं. मराठीत असतील तर पुढच्या खेपेला वाचा. दुसऱ्या भाषेत असतील तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

तिसरा शब्द : चांगलं

हा शब्द सगळ्यांत अवघड आहे. "चांगलं" म्हणायचं असेल, तर "का?" याचं उत्तर द्यावं लागतं.

1937 साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. एका तरण्या मुलीचं लग्न तिचा मामा लोभानं एका म्हाताऱ्याशी लावून देतो. मुलगी रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती ठणकावून सांगते. शांता आपटे यांनी ते काम केलं. नव्वद वर्षं होत आली या चित्रपटाला. पण आपल्या जिल्ह्यात अजून पोरींची लग्नं अठराच्या आत लागतात. आईबाप कारखान्यावर जातात, पोरीला मागं कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून घाईनं उरकतात. अडचण खरी आहे. पण लग्न हा तिच्यावरचा इलाज नव्हे. 'कुंकू' चांगला का? तर जे बोलायला मुली भीत होत्या, ते तो मोठ्यानं बोलला.

आता 'सैराट' घ्या. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. त्यांचा हा चित्रपट 2016 साली आला. त्यातल्या गाण्यांवर लोक थिएटरात उठून नाचले. पण शेवटी जातीपायी पोटच्या पोरीचा आणि जावयाचा जीव घेतला जातो, आणि त्यांचं लहान लेकरू तेवढं उरतं. त्या वेळी पडद्यावर गाणं नाही, वाद्य नाही. सारं सामसूम. नाचलेली माणसं मुकाट बाहेर पडली.

बाहेर पडल्यावर लोक काय बोलले? कोणी म्हणालं, "वाईट झालं." आणि कोणी म्हणालं, "पोरीनं घर सोडलं, मग हेच व्हायचं." हे दुसरं वाक्य जो बोलतो, त्याच्या शेजारी त्याची स्वतःची मुलगी बसलेली असते. ती काय समजते? उद्या माझ्यावर काही वेळ आली, तर बापाजवळ बोलण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून ती मनातलं सांगायचं बंद करते. बापाला वाटतं, मी तर सिनेमाबद्दल बोललो!

मालिकांचंही तसंच. सासू छळते, सून मुकाट सोसते. ओसरीवरून आजी म्हणते, "किती गुणाची सून आहे!" आत चुलीपुढे भाकरी थापणारी सून ते ऐकते. सोसणं म्हणजे गुण, एवढं तिला कळतं. आजी, तुम्ही एवढंच म्हणून पाहा : "अगं, ही बोलत का नाही?" शब्द तेवढेच, पण आतल्या सुनेला धीर येईल.

मालिका का लांबते?

जाता जाता हेही सांगतो. मालिकेचा पैसा मुख्यतः जाहिरातींतून येतो. साबण, तेल, चहा विकणारे तो देतात. निवडक घरांतल्या टीव्हीला एक लहान यंत्र जोडलेलं असतं. कोण काय पाहतं, याचा हिशेब त्यावरून लागतो. पाहणारे जास्त, तर जाहिरातीचा दर जास्त. म्हणून ऐन वेळी गोष्ट तोडतात, म्हणजे तुम्ही उद्या पुन्हा यावं. पाहणारे घटले, की मालिका बंद पडते. मालिका किती चालायची, हे अखेर पाहणारेच ठरवतात. तुमचा वेळ हीच त्यांची कमाई आहे. ती कोणाला द्यायची, हे तुमच्या हाती आहे.

एक घरचा अभ्यास

या आठवड्यात तुम्ही जे पाहाल, त्यावर वहीत तीन ओळी लिहा. पहिली ओळ : मला आवडलं की नाही. दुसरी ओळ : यात खरं काय आणि रचलेलं काय. तिसरी ओळ : चांगलं की वाईट, आणि का. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. "कारण" हा शब्द मात्र गाळू नका.

नवराबायकोंनी वेगवेगळ्या वह्यांत लिहा. मग एकमेकांना वाचून दाखवा. मतं जुळली नाहीत तर भांडू नका. "तुम्हाला असं का वाटलं?" असं विचारा. घरात मुलगी असेल, तर तिलाही विचारा. आणि ती बोलेल तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करा.