सुडाला प्रेम म्हणू नका

लोणारच्या सरोवराची गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राहत असे. विष्णूंनी दैत्यसूदनाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्यानं विवरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. या गोष्टीत वाईट कोण, हे पहिल्या वाक्यापासून स्पष्ट आहे. पण साहित्यात आणि संसारात असा एक खलपुरुष भेटतो की जो दैत्य म्हणून येतच नाही. तो प्रेमाचं नाव सांगत येतो, नकार मिळाला की उलटतो, आणि पुढे जे करतो तेही प्रेमापोटीच केलं असं सांगतो. आपणही त्याचं ऐकतो. एखाद्या मुलीवर हल्ला झाला की बातमीचा मथळा ठरलेला असतो : ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’. माझं म्हणणं असं आहे की हा मथळा चुकीचा आहे. नाकारल्याचा सूड प्रेमातून उगवत नाही, हक्काच्या भावनेतून उगवतो. आणि आपल्या जुन्या कथाकारांनी नि नाटककारांनी हा फरक फार नेमका ओळखला होता.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आपल्याच विदर्भाच्या लेकीच्या गोष्टीत आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची मुलगी. महाभारताच्या वनपर्वात तिची कथा आहे, आणि मराठीत ती रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे घरोघर पोचली. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव आले. चौघांनाही ती हवी होती. तिचं मन निषधराज नलावर आहे हे कळल्यावर चौघांनी नलाचंच रूप घेतलं, आणि मंडपात तिच्यासमोर एकसारखे पाच नल उभे राहिले. तिनं देवांनाच शरण जाऊन विनवलं, तेव्हा त्यांनी आपल्या खुणा उघड केल्या. ज्यांच्या अंगाला घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ सुकत नाही, पाय भुईला टेकत नाहीत ते देव. ज्याची सावली पडते, ज्याच्या अंगावर धूळ नि घाम आहे तो माणूस. दमयंतीनं त्या घामेजलेल्या माणसाला माळ घातली. देव हरले, पण त्यांनी नलाला वर दिले आणि ते परत गेले. वाटेत त्यांना कलियुगाचा अधिपती कली भेटला. तो स्वयंवराला निघाला होता, दमयंतीवर आपलं मन बसलंय असं सांगत होता. स्वयंवर उरकलं हे ऐकताच तो भडकला. देवांना सोडून माणसाला वरणाऱ्या या मुलीला शिक्षा झालीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आमच्या संमतीनंच तिनं वरलंय, असं देवांनी समजावलं. त्यानं ऐकलं नाही. बारा वर्षं तो नलाच्या चुकीची वाट बघत राहिला. एका संध्याकाळी नल पाय न धुता संध्येला बसला, तेवढ्या फटीतून तो त्याच्यात शिरला. मग द्यूत, वनवास, आणि निजलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन तिला रानात सोडून जाणारा नवरा.

इथं थोडं थांबून पाहू. नकार प्रत्यक्ष कुणाला मिळाला? चार देवांना, आणि त्यांनी आशीर्वाद दिले. कलीला तर दमयंतीनं नाकारलंही नव्हतं. तिनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं, तो पोचलाच उशिरा. तरी सूड घेतला तो त्यानं. म्हणजे सुडाचं मूळ नकारात नाही. ‘मला हवी म्हणजे ती माझी’ या समजुतीत आहे. नकार हे फक्त निमित्त, आणि निमित्त नसलं तरी कलीचं अडत नाही.

विराटपर्वातला कीचक, विराट राजाचा सेनापती, याच जातीचा. सैरंध्रीनं, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीनं, झिडकारल्यावर तो तिला भर दरबारात लाथ मारतो, आणि विराट राजा गप्प राहतो. पण मला याहून भयंकर वाटतो तो पुढचा प्रसंग. पांडव भीमानं कीचकाला मारल्यावर कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीला बांधून, त्याच्या प्रेताबरोबर जाळायला स्मशानात नेतात. ज्याला तिनं जिवंतपणी नाकारलं, त्याच्या चितेवर तिनं जळायचं! इथं प्रेमाचा पुरता पडदा फाटतो आणि उरते ती मालकी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. एका बाईवर हक्क सांगणारा कामांध सेनापती आणि एका देशावर हक्क सांगणारा सत्ताधीश यांचा स्वभाव एकच आहे, हे त्या प्रेक्षकांनी बरोबर ओळखलं होतं.

मराठी नाटकानं हा खलपुरुष पुराणातून उचलून घरात आणला, आणि या घडामोडीशी आपल्या भागाचं नातं आहे. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली करत होते. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. 1919 साली विदर्भातच, सावनेरला, गडकऱ्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या ‘भावबंधन’ नाटकातला घनश्याम हा मराठीतला बिनतोड खलनायक. बळवंत संगीत मंडळीच्या प्रयोगात चिंतामणराव कोल्हटकरांनी तो गाजवला. लतिकेनं केलेला अपमान त्याच्या जिव्हारी लागतो, आणि मग तो तिचा नि तिच्या माणसांचा कोंडमारा करायला निघतो. त्याच्या हातात तलवार नाही. बुद्धी, वाणी आणि दुसऱ्याच्या अडचणीची माहिती, एवढ्यावर तो माणसं नाचवतो.

इथं कुणी विचारील, लतिका उद्धट नव्हती का? तिनं त्याला दुखावलंच ना? दुखावलं, आणि गडकऱ्यांनी ते लपवलेलं नाही. म्हणून तर घनश्यामची वेदना आपल्याला कळते. पण वेदना कळणं वेगळं आणि वागणं पटणं वेगळं. अपमान खरा असला, तरी त्याची भरपाई म्हणून दुसऱ्याचं आयुष्य हाती मागण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. खलनायकाला मन देणं हा लेखकाचा धर्म आहे. त्याला माफी देणं हे आपण आपल्या पदरचं घालतो. ‘डर’ हा 1993 चा हिंदी चित्रपट आठवा. छळणाऱ्या खलनायकाचंच कौतुक जास्त झालं. तो दोष पाहणाऱ्याच्या नजरेचाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सूड नेहमीच वाईट असतो का? महाभारतातल्या अंबेचं काय? भीष्मानं तिला स्वयंवरातून पळवून आणलं, आणि तिचं जन्माचं नुकसान झालं. तिनं सूड घेतला, पुढच्या जन्मी शिखंडी होऊन घेतला. पण एक गोष्ट बारकाईनं पाहा. ज्या शाल्वावर तिचं प्रेम होतं, त्यानंही तिला नाकारलं होतं, दारातून परत पाठवलं होतं. तिचा सूड शाल्वावर वळत नाही. तो वळतो भीष्मावर, म्हणजे जिथून अन्याय सुरू झाला तिथं. अंबेचा सूड मला योग्य वाटतो की नाही हा वेगळा प्रश्न. पण तिनं प्रेमातला नकार आणि अन्याय यांची गल्लत केली नाही. कली, कीचक आणि घनश्याम नेमकी तीच गल्लत करतात.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या वेळी चावडीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत अशा हल्ल्याची गोष्ट निघाली, की ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द वापरू नका. नकारानंतरचं प्रेम कसं असतं, हे त्या चार देवांनी दाखवलंय : ते आशीर्वाद देतं आणि वाट सोडतं. जे वाट अडवतं त्याला सूड म्हणा, हल्ला म्हणा, गुन्हा म्हणा.