पैसे खंयसून इले?

(मालवणात आपल्या पोरांच्या बैठकीत बोललो ते, जमेल तसं कागदावर उतरवलेलं.)



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. पण काल संध्याकाळी बाजारपेठेतून येताना एका दुकानात चाललेली चर्चा कानावर पडली आणि कविता राहून गेली. एक शेटजी म्हणत होते, सरकारनं रोखीवर बंधनं घातली, माणसाचं स्वातंत्र्यच काढून घेतलं. माझा पैसा, मी वाटेल तसा देईन. बाकीचे माना डोलवत होते. मी साबणाची वडी घेतली, दहाची नोट दिली आणि निघालो. माझ्या स्वातंत्र्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

दोन लाखांच्या रोखीवर गोदीतला हमाल काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यानं जरा कळ काढावी.

आधी कायदा सांगतो. कारण कायदा न वाचता शिव्या द्यायची आपल्याला खोड आहे, मलाही आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. अर्थसंकल्पात हा आकडा तीन लाखांचा होता, कायदा होईतो दोनवर आला. कर्जाऊ रकमेवरचं बंधन जुनं आहे, १९८४ पासूनचं. तेव्हा दहा हजार होती मर्यादा, १९८९ पासून वीस हजार झाली. आणि जून २०१५ पासून जमीन-घराच्या इसाराचे वीस हजार किंवा जास्त रोख घेणंही बंद. बँकेत एका दिवशी पन्नास हजारांवर रोख भरायची तर २०१९ साली पॅन दाखवावं लागायचं. यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही. पुढं लागेल.

आता शेटजींचं स्वातंत्र्य बाजूला ठेवू आणि आपलं बघू. आपण रोखीपर्यंत आलो कसे?

माझ्या पणज्यानं नोट फार कमी बघितली. गावकीची कामं केली, मढ्याची खबर पोचवली, गुरं ओढली. मोबदला काय? खळ्यावरचं बलुतं. सुपात पडेल तेवढं भात, तेही उरलं-सुरलं. भाताला एक खोड असते दोस्तांनो, ते घेऊन पळून जाता येत नाही. मुंबईच्या बोटीचं तिकीट भातावर मिळत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, १९३७ साली खोती मोडायचं मांडलं, ते काय हौस म्हणून? ज्याचा मोबदला धान्यात तो धान्याच्या मालकाचा, हे त्यांनी ओळखलं होतं. खोती कायद्यानं १९४९ साली गेली, वतनं १९५८ च्या कायद्यानं. पणज्यानं त्या कायद्याची वाट बघितली नाही. १९५६ नंतर त्यानं गावकी टाकली.

आजा मुंबईला गोदीत लागला. पगार रोख. महिन्याला मनीऑर्डर. पोस्टमनला वाडीत यावंच लागायचं, कारण आजीच्या अंगठ्याशिवाय पैसे देता येत नव्हते. आजी सांगायची, त्या दिवशी ती मुद्दाम नवं लुगडं नेसायची. दुकानदार तिचे पैसे फळीवर ठेवायला लावायचा, पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. पण उचलायचा! भात द्यायला त्यानं नकार दिला असता, नोट घ्यायला दिला नाही. नोटेवर राजाचं चित्र असो की सिंहाचं, आणणाऱ्याचं आडनाव कुठं छापलेलं नसतं.

आज जेटीवरच्या शहाळ्याच्या गाडीवरसुद्धा तो चौकोन लटकवलेला असतो, फोन धरा, पैसे गेले. चांगलं आहे, मीही वापरतो. पण पैसे पोचले की समोरच्याच्या पडद्यावर पूर्ण नाव येतं, आडनावासकट. मुंबईत एका ठिकाणी खोलीची अनामत मी फोनवरून पाठवली. घरमालकानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला अचानक आठवलं की खोलीत त्याचा मेव्हणा राहायला येणार आहे. पैसे लगेच परत आले, अगदी प्रामाणिकपणे.

आता २०१६. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द. माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. मालकानं कधी मजुरी वेळेवर दिली नव्हती. त्या आठवड्यात त्यानं मागची सगळी बाकी दिली आणि वर तीन आठवड्यांची आगाऊ. बाया खूश. सगळ्या नोटा पाचशेच्या, जुन्या. त्याचा काळा पैसा पांढरा करायला आमच्या आयांचे खाडे लागले. गावात शाखा जिल्हा बँकेची, आणि १४ नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेनं जिल्हा बँकांना त्या नोटा घ्यायलाच मनाई केली. मग तालुक्याला जा, रांगेत उभं राहा, मजुरी बुडवा. मी नुकताच मॅट्रिक झालेलो, आईबरोबर रांगेत होतो. रांगेत एकही शेट दिसला नाही. तुम्हाला दिसला असेल तर सांगा. रिझर्व्ह बँकेनंच २०१८ साली सांगितलं की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. म्हणजे काळा पैसा बुडालाच नाही साला. बुडाले ते आईचे सहा दिवस.

त्याच दिवसांत व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरत होता. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय म्हणे, दर दहा वर्षांनी नोटा बदला. आपलीच पोरं तो पुढं पाठवत होती. मी त्यांचं १९२३ चं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ मिळवलं आणि मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन, महिनोन्‌महिने वाचत बसलो. निम्मं डोक्यावरून गेलं. पण ते वाक्य मला सापडलं नाही. सापडलं ते उलटंच. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नका, मर्जीनं वाढवलेल्या चलनानं रुपयाची किंमत पडते आणि मार मजुरी करणाऱ्याला बसतो, असा त्यांचा सगळा रोख. (रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असंही काही जण सांगतात. तेवढं ताणू नये. १९२५ साली नेमलेल्या चलन कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली, हेच काय कमी आहे?)

आता घरची गोष्ट. ही मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

२०१९ साली गावात रस्त्याला लागून दोन गुंठे बिनशेती जागा निघाली. आम्ही वाडीच्या टोकाला, पावसाळ्यात घरात ओहोळ येतो. मालक म्हणाला, दोन लाख साठ हजार. आईकडं होते. भिशीचे, बचतगटाचे, आज्याच्या फंडातले उरलेले, माझे गोदीतले. सगळे रोख, पत्र्याच्या ट्रंकेत. आई पिशवी घेऊन गेली. मालक ओटीवर बसलेला, तो म्हणाला, “गो, रोख माका चालाचा नाय. सरकारान कायदो केल्यान हा. दंड पडतलो माका.”

आई म्हणाली, “तात्यानू, आमच्यो नोटी बाटलेल्यो आसत काय?”

कायद्यानं तो बरोबर होता. मी मगाशी सांगितलं ना, दंड घेणाऱ्याला. आई बँकेत गेली. पॅन नव्हतं, म्हणून चाळीस-चाळीस हजार करून भरायला लागली. तिसऱ्या दिवशी काचेमागच्या माणसानं विचारलं, “एवढे पैसे कुठून आणले?” आईनं दोन्ही पंजे काचेवर ठेवले. काजूच्या चिकानं बोटांची कातडी काळी पडून सोललेली. “खंयसून म्हणजे? ह्या हातांतसून.” त्यानं मान खाली घातली आणि शिक्का मारला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पैसे भरून चेकबुक येईपर्यंत महिना गेला. तोवर जागा विकली गेली होती. शहरातल्या कुणीतरी घेतली, पर्यटकांच्या खोल्या काढायला. खरेदीखतात किंमत कमी आहे. वरचे कसे दिले गेले ते अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या नोटा बाटलेल्या नव्हत्या.

म्हणजे एकच कायदा. शेटजी तो मोडतात आणि स्वातंत्र्य गेलं म्हणून रडतात. आम्हाला तो दाखवून ओटीवरून उतरवतात.

आणि ज्यांनी कायदा केला त्यांचं बघा. २०१७ च्या ज्या वित्त कायद्यानं दोन लाखांची हद्द घातली, त्याच कायद्यानं निवडणूक रोख्यांचा रस्ता काढला. कंपनीनं कितीही द्यावं, नफ्याच्या साडेसात टक्क्यांची अट काढून टाकली. कुणी कुणाला दिलं ते जनतेनं विचारायचं नाही. सोळा हजार कोटींहून जास्त रोखे विकले गेले. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला ते घटनाबाह्य ठरवले, तोवर पाच-सहा वर्षं राज्य करून झालं होतं. एकाच पुस्तकात दोन पानं. माझ्या आईला विचारा कुठून आणले, आणि पक्षांना विचारू नका.

मग काय, रोखीची बाजू घ्यायची? शेटजींच्या मोर्चात जायचं? मी जाणार नाही. रोखीनं आपल्याला गावातून सोडवलं, आणि रोखीनंच गोदीत नागवलं. मुकादम हातावर नोटा टेकवतो, रजिस्टरात नाव नाही, फंड नाही, बोट तुटलं तर तू कोण? म्हणून २०१७ साली मजुरी कामगाराच्या लेखी संमतीशिवायही थेट बँकेत भरायची सोय झाली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. च्यायला, काय झालं? आमच्या टोळीतल्या अकरा जणांची एटीएम कार्डं मुकादमाच्या खिशात, पिनसकट. महिन्याला पुरा पगार जमा होतो, संध्याकाळी तोच जाऊन काढतो, चार हजार कापून उरलेले हातावर ठेवतो. कागदावर सगळं स्वच्छ. बिहारचा एक पोरगा माझ्या शेजारी झोपतो, त्यानं आपलं कार्ड अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही.

मी माझं परत मागितलं. आठ दिवस पाळी मिळाली नाही. नवव्या दिवशी आम्ही चौघं मिळून गेलो, तेव्हा चारही कार्डं मिळाली. सात अजून त्याच्याकडं आहेत.

इथं, या जिल्ह्यात, काजूच्या कारखान्यांतल्या बायांना विचारलंय का कुणी, त्यांची पासबुकं कुठं असतात? मी आईच्या कारखान्यात विचारलं. मालकाच्या कपाटात, नीट राहावीत म्हणून. आज त्यातल्या चौघी इथं मागं बसल्यात, पदर तोंडाला लावून. सोमवारी सकाळी, कारखाना उघडायच्या आत, त्यांच्याबरोबर जायचंय. फॉर्म लिहून देणारा एक हवा आणि न ओरडता उभे राहतील असे पाच-सहा जण. कविता मी त्यानंतर वाचेन. कोण कोण येतंय?