वर्गात न बसणारं मूल

(परळ इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तलाक, वारसाहक्क, शिष्यवृत्ती यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी ज्या मुलांविषयी बोलणार आहे, त्यांच्याबद्दल आपल्या घरांत आवाज खाली करून बोललं जातं. स्वमग्न मुलं, म्हणजे ऑटिझम असलेली मुलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, नेहमीच्या शाळेत जातो, आणि त्याच्या डायरीत आठवड्यातून दोनदा तरी शेरा येतो : ‘ऐकत नाही, बाकाखाली बसतो.’

तो ऐकत नाही असं नाही. त्याला फार ऐकू येतं. पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे, बाईंचा आवाज, हे सगळं एकाच जोराने कानावर आदळतं. यातलं कुठलं महत्त्वाचं हे आपला मेंदू न सांगता निवडतो, त्याला ते कष्टाने निवडावं लागतं. तुम्ही लालबाग-परळची मंडळी, तुम्हाला हे कळणं सोपं आहे. गणपतीच्या आगमनाला ढोल-ताशापुढे उभं राहून सतराचा पाढा म्हणून बघा. नाहीच जमलं, तर कुठेतरी आडोशाला जावंसं वाटेल. त्याचा आडोसा बाकाखाली आहे.

त्याला लागतं ते फार मोठं नसतं. भिंतीकडेची जागा. ‘नीट बस, वही काढ, तारीख लिही’ असं एका दमात न सांगता एकेक सूचना, शक्यतो फळ्यावर लिहून किंवा चित्र दाखवून. तास बदलणार असेल तर दोन मिनिटं आधी कल्पना. फार गलका झाला तर पाच मिनिटं बाहेर बसायची मुभा. एका वर्षी एका बाईंनी हे सगळं केलं, आणि त्या वर्षी डायरी कोरी राहिली. पुढच्या वर्षी बाई बदलल्या, आणि आम्हाला ‘दुसरी शाळा बघा’ असं तोंडी सांगण्यात आलं. असलं कुणी लेखी देत नाही.

घरात वेगळीच परीक्षा. कुणी नजर उतरवतं, कुणी आमिलचा पत्ता देतं, आणि शेवटी बोट आईकडे. हे फक्त आपल्याच मोहल्ल्यात होतं असं समजू नका. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं, त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले मोठे डॉक्टर आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं म्हणत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडून काढलं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आणि ज्यांना दीनचा दाखला हवा असतो त्यांना मी सूरह अबसाची आठवण देते. एका अंध माणसाकडे पाठ फिरवली गेली म्हणून ती आयत उतरली, आणि तेच इब्ने उम्मे मक्तूम पुढे मदिनेत अजान देत. दुआ जरूर करा, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ही अडचण खास आपली आहे. आमच्या घरी कोकणी-मराठी, मदरशात अरबी, शाळेत इंग्रजी, थेरपीत हिंदी. ‘गोंधळ होतो, घरीही फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला आम्हालाही मिळाला. तो मानला असता तर त्याची दादी घरातल्या घरात मुकी झाली असती. दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही लाड करता, त्याच भाषेत त्याच्याशी बोला.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ऑटिझम आहे, १९९५च्या कायद्यात तो नव्हता. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ ही भारतीय चाचणी वापरतात. केईएम, नायर, सायन, जे.जे. इथे हे काम होतं. चिंचपोकळीजवळ ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून आहे. पण रांगा आहेत, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या आईला एका दिवसात काम झालं नाही की ती पुन्हा येत नाही. इथे तुमची गरज आहे. ऑनलाइन अर्ज भरून द्या, तिच्यासोबत रांगेत उभे राहा.

एक गोष्ट आपल्या शाळांविषयी, आणि ती टोचेल. २०१४च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. ही सूट आपल्या संस्कृतीच्या रक्षणासाठी आहे. दिव्यांग कायद्यात अशी सूट लिहिलेली नाही. शासनाने मान्यता दिलेल्या शाळांत भेदभाव न करता प्रवेश आणि समावेशक शिक्षण, असंच तिथे म्हटलंय. तरीही आपल्याच शाळेत आपलंच मूल नाकारलं जातं, तेव्हा ‘अल्पसंख्याक’ हा शब्द कुणाच्या बचावाला वापरला जातो?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेत दर दहा विशेष गरजेच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. तुमच्यापैकी काहींचे मामू-चाचा शाळांच्या ट्रस्टवर आहेत. या महिन्यात त्यांना जाऊन विचारा : आपल्या शाळेत अशी मुलं किती, आणि विशेष शिक्षक किती? उत्तर लेखी मागा.