मुलांची समज कशी वाढते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. मुले वाढविताना जे पाहिले आणि थोडेफार वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

मूल चुकीचे बोलले की आपण म्हणतो, "किती खुळं गं हे!" पण ते खुळे नसते, त्या वयाची समजच तशी असते. ५-६ महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा फडक्याखाली झाकला, तर ते शोधीत नाही. वर्षाचे होता होता तेच बाळ फडके ओढू लागते. ४ वर्षांच्या मुलाला अर्धी भाकरी चार तुकडे करून द्या. भाकरी वाढली म्हणून ते खूष! ७-८ वर्षांचे मूल मात्र फसत नाही. पुढे ११-१२ वर्षांच्या सुमारास 'असे झाले असते तर?' हा विचार सुचू लागतो. कोणाचे थोडे आधी, कोणाचे थोडे मागून.

स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण केले व पुढे हा क्रम मांडला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, खडे हीच त्यांची साधने. आपणही शेंगा निवडताना मुलांना मोजायला द्याव्यात. त्याला पैसा लागत नाही.

१२-१३ वर्षांची मुलगी विचारते, "दादाला जाऊ देता, मला का नाही?" आपण म्हणतो, तोंड वर करून बोलते. पण बायांनो, विचाराला पालवी फुटते ती याच वयात! नेमकी तेव्हाच माझी शाळा सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. वाचन पुढे घरी वाढविले, पण मनातले प्रश्न विचारायला कोणी उरले नाही. २००९ च्या कायद्याने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. त्यापुढे शिकविणे आपल्या हाती आहे.

तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीचे हे गाव. अक्षराचे मोल इथे मी काय सांगावे? मुलीची शाळा मध्येच सोडवू नका, आणि तिने 'का' विचारले तर भाकरी थापता थापता का होईना, उत्तर द्या.