पॉडकास्टचा खर्च कोणी सोसावयाचा ?

रेडिओवरील भाषण आणि पॉडकास्ट यांत ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. दोन्हीकडे कोणी तरी बोलतो आणि आपण ऐकतो. खर्चाच्या दृष्टीने मात्र या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रक्षेपणाचा मनोरा एकदा उभा राहिला, की त्याच्या टापूत एक माणूस ऐको अथवा एक लाख माणसे ऐकोत, केंद्राच्या खर्चात फरक पडत नाही. पॉडकास्टच्या बाबतीत प्रत्येक श्रोत्याला ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र प्रत धाडावी लागते. म्हणजे हे प्रक्षेपण कमी आणि टपाल अधिक. श्रोते वाढले की टपालखर्च वाढतो. कार्यक्रम लोकांना आवडू लागावा आणि त्याच कारणाने तो चालविणे जड व्हावे, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींना हे माध्यम फार सोयीचे आहे. ग्वाल्हेरच्या एखाद्या मंडळाने आपल्या वृद्ध सभासदांच्या आठवणी मुद्रित केल्या, तर त्या त्याच दिवशी बडोद्यात, बेळगावात किंवा हैदराबादेत ऐकता येतात. परंतु अशा मंडळाजवळ पैसा बेताचाच असावयाचा. तेव्हा टपालाचे वजन किती ठेवावयाचे, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

या वजनाचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या तासाचे मूळ ध्वनिमुद्रण, कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचे व दोन वाहिन्यांचे असल्यास, सुमारे ३१७ मेगाबाइट भरते. तेच एमपी३ या प्रकारात सेकंदाला १२८ किलोबिट या वेगाने आटविले, तर २८.८ मेगाबाइट होते. आणि एकाच वाहिनीत, म्हणजे मोनोमध्ये, ६४ किलोबिटने आटविले तर १४.४. हजार श्रोत्यांनी तो भाग उतरवून घेतला, तर पहिल्या प्रकारात ३१७ गिगाबाइट पाठवावे लागतील आणि शेवटच्यात अवघे १४.४. एका माणसाचे बोलणे एकाच तोंडातून येते. ते डाव्या व उजव्या कानासाठी निरनिराळे साठविण्यात काही अर्थ नाही. निव्वळ भाषणाला ६४ किलोबिटांचा मोनो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याच्याही फार खाली गेल्यास ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे खळखळू लागतात, व ऐकणारा लवकर थकतो. तंबोरा आणि तबला असलेला कार्यक्रम असेल तर गोष्ट निराळी; तेथे दोन वाहिन्या आणि १२८ किलोबिट द्यावेत, काटकसर करू नये.

ध्वनीचा प्रकार कोणता निवडावा, यावर पुष्कळ वाद झाले. एमपी३ हा प्रकार जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून पुढे आला व त्यावर पेटंटे होती. म्हणून काही तत्त्वनिष्ठ मंडळी ऑग व्हॉर्बिस या मुक्त प्रकाराचा आग्रह धरीत. एप्रिल २०१७ मध्ये एमपी३चा परवाना-व्यवहारच बंद झाला, आणि त्या आक्षेपातील जोर ओसरला. २०१२ साली प्रमाणित झालेला ऑपस हा प्रकार गुणाने एमपी३पेक्षा सरस आहे. निम्म्या वजनात तो तितकेच स्वच्छ बोलतो. पण श्रोत्याचा जुना फोन किंवा मोटारीतील यंत्र तो वाजवील याची खात्री नाही. हैदराबादेतील एखाद्या आजीबाईंच्या फोनवर जे विनासायास वाजते, तेच आपल्या कामाचे. या कसोटीला आजही एमपी३ उतरतो.

आता पैशाकडे वळू. ध्वनी साठवून मागेल त्यास पुरविण्याच्या सेवेला होस्टिंग म्हणतात. काही कंपन्या दरमहा ठराविक रक्कम घेतात. काही फुकट ठेवतात, आणि मोबदल्यात तुमच्या कार्यक्रमात आपल्या जाहिराती घालतात. सीमाभागातील शाळांविषयी कोणी कळकळीने बोलत असता मध्येच सावकारी ॲपची जाहिरात वाजू लागली, तर ते फुकट किती महाग पडले हे कळते. एखाद्या दुकानदाराने खर्च उचलला तर हरकत नाही. मात्र त्याचे नाव कार्यक्रमातच सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याला संशय राहत नाही.

मला स्वतःला वर्गणीचा मार्ग बरा वाटतो. एके काळी रेडिओ बाळगणारा माणूस दरसाल पोस्टात जाऊन परवान्याचे शुल्क भरीत असे. ऐकण्यासाठी पैसे देणे आपल्याला नवीन नाही. समजा, वर्षाचा खर्च सहा हजार रुपये आला. शंभर रुपये देणारे साठ श्रोते मिळाले की तो निघतो. हिशेब मात्र दरसाल उघड मांडावा.

खरी अडचण वर्गणी थांबल्यावर येते. कार्यवाह बदलतात, मंडळात वाद होतात, आणि एक वर्ष पैसे भरावयाचे राहून जातात. मग कंपनी ते ध्वनी काढून टाकू शकते, आणि आठवणी सांगणारी माणसेही तोवर हयात नसतात. म्हणून करार करतानाच विचारावे, की आम्ही दुसरीकडे गेलो तर आमच्या ‘फीड’चा, म्हणजे श्रोत्यांच्या ॲपला नवा भाग कळविणाऱ्या यादीचा, पत्ता तुम्ही नव्या जागी वळवून द्याल काय ? २०२४ साली गूगल पॉडकास्ट बंद झाले, तेव्हा ऐकणाऱ्यांना दुसरे ॲप शोधावे लागले. पण ज्यांचे ध्वनी आणि यादी अन्यत्र सुरक्षित होती, त्यांचे कार्यक्रम बुडाले नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेत ध्वनी विनामूल्य ठेवता येतात. नफ्यासाठी न चालणारी ही संस्था १९९६ पासून काम करीत आहे. जुन्या भागांची एक प्रत तेथे अवश्य ठेवावी. तथापि ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्लेखोरांच्या उपद्रवामुळे तीही काही दिवस बंद पडली होती. तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण फ्लॅक या प्रकारात जपावे. त्यात ध्वनीचा अंशही गळत नाही आणि जागा पुष्कळ वाचते. एमपी३वरून पुन्हा एमपी३ केल्यास दर खेपेस ध्वनी थोडा थोडा झिजतो, म्हणून मूळ प्रत हाताशी हवीच. ती दोन डिस्कवर असावी : एक कार्यवाहांच्या घरी, आणि दुसरी शक्यतो दुसऱ्या गावच्या सभासदाकडे.